दोन पुरुष पाण्याचा कॅमेरा

शिट्टीमावशी कॅमेरा घेणार ही बातमी गल्लीभर व्हायला अर्धा तासही लागला नाही, कारण ती मावशीने स्वतःच केली. दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता तिने शेजारच्या शिंप्याला सांगितलं. मग जो कुकर घेऊन येईल त्याला सांगितलं. "संध्याकाळी न्या. रबर गेलंय, शिट्टी ठीक आहे. आणि हो, मी कॅमेरा घेतेय. पाण्यातला!" गिऱ्हाईक आपलं मान हलवायचं, कारण मावशी बोलत असताना मान न हलवणाऱ्याचा कुकर दुसऱ्या दिवशी मिळायचा.

दुकान म्हणजे तरी काय, दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. एका भिंतीवर खिळ्यांना कुकरची रबरं, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. त्यांना कंपनीची माणसं गास्केट म्हणतात, मावशी रबर म्हणते. दुसऱ्या भिंतीला झाकणं. कोपऱ्यात शेगडी. दुरुस्त झालेला कुकर आत पाणी घालून त्या शेगडीवर चढायचा आणि तीन खणखणीत शिट्ट्या दिल्याशिवाय दुकानाबाहेर पडायचा नाही. नवऱ्यामागे सव्वीस वर्षं ती हे एकटीने करत होती आणि तिच्या हातून गेलेला एकही कुकर परत आला नव्हता. हे ती स्वतः सांगायची, पण खरं होतं.

तिचा सगळा जीव रबरात. रबर चांगलं तर कुकर चांगला, कुकर चांगला तर घर चांगलं, इथपर्यंत तिची गाडी जायची. कुणी दगडासारखं कडक झालेलं रबर आणलं की त्याची खैर नसे. "हे रबर आहे की बांगडी? वर्षाला एक रबर बदलायला काय जातं तुमचं?" असं फैलावर घेऊन झालं की नवं रबर काढायची, लहानशा बाटलीतून तेलाचा एक थेंब बोटावर घ्यायची, रबरावरून गोल फिरवायची आणि झाकणात टच्चकन बसवायची. इतकी वर्षं बोट आपोआप बाटलीकडे जायचं, मावशीला विचारायचंही नाही.

लेक मात्र कुकर सोडून पाण्याच्या मागे लागली. लहानपणी टाकीतून बाहेर काढायला दोन माणसं लागायची, म्हणून मावशीने तिचं नाव पाणकोंबडी ठेवलं होतं. ती पाणकोंबडी आता दूर एका मोठ्या धरणावर पाणबुडी होती. पाण्यात उतरून धरणाचे दरवाजे तपासायची. तीन वर्षं झाली होती. मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "खोल असतं का गं?"

"छे गं आई! दोन पुरुष पाणी, फार तर. वरून हाक मारलीस तर ओ देईन."

दोन पुरुष म्हणजे घराच्या छपराएवढं. मावशीने तेवढ्यावर मन घट्ट केलं होतं.

आणि मग गेल्या महिन्यात पाणकोंबडी फोनवर सहज बोलून गेली. "आई, तुला सांगितलं का? धरणाच्या दरवाजालाही रबर असतं. चारी बाजूंनी. माझ्या दंडाएवढं जाड! ते कुठे फाटलंय का, सुटलंय का, हेच तर बघते मी."

मावशीच्या हातातली शिट्टी खाली पडली. दंडाएवढं जाड रबर! आयुष्यभर करंगळीएवढी रबरं हाताळणाऱ्या बाईला कुणी असं काही सांगितलं तर तिने करायचं काय?

"फोटो पाठव. आत्ताच्या आत्ता."

"ऑफिसच्या कॅमेऱ्यातलं काही बाहेर देत नाहीत गं. पण मी मोठ्या बाईंना विचारलंय. तू इकडे ये. तुला बोटीवर बसू देतील आणि आपल्या कॅमेऱ्यातून दरवाजाच्या रबराचे चार फोटो काढू देतील. कॅमेरा मी घेते इथे..."

"गप बस. रबराची वस्तू आहे ना? पाणी आत शिरू द्यायचं नाही, एवढंच ना तिचं काम? मग ती मी निवडणार. तू लाख पाण्यात पोहत असशील, रबर मला कळतं."

कॅमेऱ्याच्या दुकानात मावशी गेली ती पिशवीत भिंग, जाड हातमोजे आणि मनात युद्धाची तयारी घेऊन. दुकानदार टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर चढवलेला सज्जन गृहस्थ. त्याने काचेच्या कपाटातून तीन कॅमेरे काढून मांडले, एक काळा, एक निळा, एक नारिंगी, आणि सुरुवात केली. एवढे मेगापिक्सेल, एवढं झूम, अंधारात असं, उजेडात तसं.

"ते सगळं असू द्या," मावशी म्हणाली. "दार कुठाय?"

"दार?"

"पाणी जिथून आत शिरायला बघेल ते."

दुकानदाराने बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडून दिलं. मावशीने भिंग डोळ्याला लावलं. झाकणाच्या आतून दोऱ्याएवढं बारीक राखाडी रबर फिरलं होतं. तिने नखाने हलकेच दाबून बघितलं आणि दुकानदार किंचाळला, "मावशी, नख नको, नख नको!"

"अहो, दाबल्याशिवाय कळणार कसं? हे वेगळं मिळतं का?"

"नाही. वर्षातून एकदा कंपनीकडे पाठवायचं, ते बदलून देतात. मग रबर चांगलं दिसत असलं तरी."

"वर्षातून एकदा!" मावशीने काउंटरवर थाप मारली. "ऐकलंत? मी गल्लीत घसा कोरडा करून हेच सांगते आणि लोक मला लुटारू म्हणतात. शाब्बास हो तुमची कंपनी!"

काळा कॅमेरा पहिल्या फेरीतच बाद झाला. त्याला एकच कडी होती आणि तीही माझ्या ट्रंकेच्या कडीपेक्षा सैल आहे म्हणाली. निळ्याला दोन कड्या होत्या, एक सरकवायची, एक दाबायची. नारिंगीलाही दोन होत्या, पण तो जाडजूड, जड आणि चौकोनी. "ही वीट आहे," मावशी म्हणाली. "गळ्यात घालून फिरले तर मान मोडेल." दुकानदाराने निळा कॅमेरा काउंटरवरून जमिनीवर टाकून दाखवला. टक्कन आवाज झाला, कॅमेऱ्याला काही झालं नाही. मावशीचे डोळे चमकले. "मी टाकू?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता टाकला. पुन्हा उचलून पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा दुकानदाराने हात धरला.

"आता शेवटचं," म्हणत तिने गरम कुकर उचलायचे जाड हातमोजे चढवले. "माझ्या मुलीच्या हातात पाण्यात मोजे असतात. मोज्यांतून बटण दाबता आलं पाहिजे." निळ्याचं बटण दाबलं गेलं. चक्क फोटो निघाला, दुकानदाराच्या टकलाचा. मावशी इतकी खूश झाली की तिथेच निकाल लागला.

"किती खोल नेणार?" दुकानदाराने विचारलं. "हा पंधरा मीटरचा आहे, नारिंगी तीसचा."

"दोन पुरुष पाणी."

"मग पंधरा रगड झाले."

घरी नेऊन नवी वस्तू नुसती ठेवणारी मावशी नव्हे. जिच्या दुकानातून कुकर तीन शिट्ट्यांशिवाय निघत नाही ती कॅमेरा सोबतच्या माहितीपुस्तकावर विश्वासून धरणावर नेईल? दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बादली भरली. कॅमेऱ्यातली बॅटरी आणि कार्ड काढून ठेवलं. हुशार बाई! रिकाम्या कप्प्यात कागदाची घडी घातली, झाकण लावलं, दोन्ही कड्या बसवल्या आणि कॅमेरा बादलीत सोडून वर कुकरचं झाकण ठेवलं. शेगडीवरच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वाट बघायची असं ठरलं. शिंपी गळ्यात टेप घालून उंबऱ्यात उभा होता. तो मावशीच्या नवऱ्याचा जुना दोस्त, म्हणून तिला वहिनी म्हणायचा आणि त्याच हक्काने चिडवायचा.

तीन शिट्ट्या झाल्या. मावशीने कॅमेरा काढला, पुसला, झाकण उघडलं. कागदाचं एक टोक ओलं होतं.

"वहिनी," शिंपी म्हणाला, "तुमच्या कॅमेऱ्याने बादलीतच राम म्हटला."

मावशी दुकान तसंच टाकून निघाली. वाटेत जे जे भेटलं त्याला त्याला सांगत गेली की आज त्या टकल्याची मी काय अवस्था करते बघा. दुकानात शिरली ती आवाज चढवूनच. "हे रबर? याला रबर म्हणता? माझ्या बादलीत टिकलं नाही, धरणात काय टिकणार?"

दुकानदाराने शांतपणे चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. झाकण उघडलं. रबरावरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

"मावशी, हे तेल लावलंत?"

"मी? मी कशाला..." मावशी बोलता बोलता थांबली. आणि मग तिला आठवलं नाही, पण कळलं. कड्या बसवायच्या आधी बोट बाटलीकडे गेलं असणार. सव्वीस वर्षं जातंय, तसंच.

दुकानदाराने चिमट्याने रबरावरून काहीतरी उचललं. मावशीच्या रुमालाचा एक बारीक धागा. "तेलाला हा चिकटला. याच्याच वाटेने पाणी आत आलं. एक केस अडकला तरी पुरतो हो. पुस्तकात पहिल्याच पानावर आहे, कोरड्या फडक्याने पुसा, काहीही लावू नका."

मावशीचे कान लाल झाले. रबराला काय फासून आणलंत म्हणून तिने आजवर शेकडो लोकांना झाडलं होतं. आज प्रथमच कुणी तिला झाडत होतं, आणि तेही किती हळू आवाजात! तिने तोंडाला पदर लावला. दुकानदाराला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. "अहो, मारा मला," म्हणाली, "माझी जीभ पुरी पडणार नाही मला बोलायला." दुकानदाराने रबर पुसून साफ केलं, आतल्या मोरीत टब भरला आणि पुन्हा परीक्षा घेतली. कागद खडखडीत कोरडा निघाला. मावशीने तो पर्समध्ये जपून ठेवला.

संध्याकाळी तिने ही सगळी गोष्ट पाणकोंबडीला फोनवर रंगवून सांगितली. तिकडे ती हसून हसून बेजार. "आई, तू कॅमेऱ्याला तेल लावलंस! मी इथे सगळ्यांना सांगणार." मग हसणं आवरत म्हणाली, "बरं, किती मीटरचा घेतलास?"

"पंधरा."

पलीकडून आवाज येईना.

"हॅलो? ऐकतेयस ना?"

"आई, त्याच्यापेक्षा मोठा होता का?"

"होता की, तीसचा. नारिंगी. नुसती वीट. आपल्याला कशाला? तुझं काम दोन पुरुष..."

पुन्हा तेच. आणि त्या गप्प बसण्यात मावशीला हळूहळू सगळं ऐकू आलं.

"किती?" तिने विचारलं.

"आई, तू घाबरशील म्हणून..."

"किती मीटर, ते सांग."

"बावीस. कधी चोवीस."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"ठेव फोन," मावशी म्हणाली आणि स्वतःच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने शटर उघडलं, पण कुणाशी बोलली नाही. गिऱ्हाइकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेवटी शिंप्याने विचारलं तेव्हा कालचा फोन सांगून झाल्यावर म्हणाली. "भावजी, तुमचा टेप आणा. बावीस मीटर किती होतात ते मला बघायचंय."

शिंप्याचा टेप दीड मीटरचा. मावशीच्या उंबऱ्यावर एक टोक ठेवून तो वाकून वाकून मोजत निघाला. शिंप्याचं दुकान गेलं, केस कापायचं दुकान गेलं, चष्म्याचं दुकान गेलं. चौदा टेप झाले आणि वर आणखी एक मीटर, तेव्हा ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी पोचले. मावशी पेटीला पाठ लावून उभी राहिली आणि आपल्या दुकानाकडे बघत राहिली. दारातला कुकर तिथून वाटीएवढा दिसत होता. हे एवढं सगळं उभं करायचं, पाण्याने भरायचं आणि आपली पोर तळाशी.

"म्हणे वरून हाक मारलीस तर ओ देईन!" ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "भावजी, मला माझ्याच पोरीने फसवलं हो."

शिंपी टेप गुंडाळत होता. "फसवलं खरं. पण वहिनी, काल तिला गप्प बसता आलं असतं. 'छान घेतलास आई' म्हणायचं, वरच्यावर कुठेतरी दोन फोटो काढायचे आणि तुमच्या हातात ठेवायचे. तुम्हाला काय कळणार होतं? तिने खरं सांगितलं ते त्या रबरासाठी. तुम्हाला ते बघायला मिळावं म्हणून."

परत येताना मावशी चष्म्याच्या दुकानाशी थांबली, केस कापायच्या दुकानाशी थांबली, आणि प्रत्येक ठिकाणी म्हणाली, "हे बघा, माझ्या दुकानापासून त्या टपालपेटीपर्यंत. एवढी खोल जाते माझी मुलगी." दुसऱ्यांदा सांगताना तिचा चेहरा खुलला होता. राग होताच, पण आता उत्साह त्याच्या खांद्यावर चढून बसला होता.

"वीट द्या," ती कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन म्हणाली.

"अहो, निळा आता उत्तम चालतोय."

"माझी मुलगी बावीस मीटर जाते. कधी चोवीस."

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा हातात घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं. मग तोच म्हणाला की सात दिवसांत बदलून देता येतो, काळजी नको. नारिंगी कॅमेरा खोक्यात घालताना त्याने एक मऊ कोरडं फडकं भेट म्हणून दिलं. "तेलाची बाटली घरीच ठेवा," एवढंच म्हणाला.

प्रवासाचं काय सांगावं! मावशी जन्मात पहिल्यांदा एवढी लांब निघाली होती. आगगाडीत खिडकीतून पुलाचे फोटो, शेजारणीच्या झोपलेल्या बाळाचे फोटो, फलाटावरच्या नळाचे फोटो. मधल्या थांब्यावर बसमधून उतरताना कॅमेरा हातातून सुटला, तीन पायऱ्या गडगडत चिखलात गेला. बसमधले लोक हळहळले. मावशीने तो उचलला, नळाखाली धरून खळखळ धुतला आणि सगळ्यांना दाखवत म्हणाली, "काही होत नाही त्याला. मी निवडलाय." बस पाच मिनिटं उशिरा सुटली, पण कुणी तक्रार केली नाही.

पाणकोंबडी धरणाच्या थांब्यावर उभी होती. धावत येऊन तिने मिठी मारली.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," मावशी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली. "वाळलीस किती!"

सकाळी बोट धरणाच्या भिंतीशी गेली. भिंत एवढी उंच की मावशीला मान मागे टाकावी लागली. बोटीवर हवेची नळी, दोर आणि तो दोर हातात धरणारे एक काका. एक हिसका म्हणजे सगळं ठीक, तीन हिसके म्हणजे वर ओढा, असं त्यांनी मावशीला समजावलं. मावशीने कॅमेऱ्याची बॅटरी बसवली, भिंगातून रबर तपासलं, कोरड्या फडक्याने पुसलं. हाताचं बोट एकदा सवयीने तेलासाठी पिशवीकडे जायला निघालं होतं, तिने त्याला परत आणलं. दोन्ही कड्या बसल्या. कुकरच्या झाकणात रबर बसल्यासारखा घट्ट आवाज झाला.

पोरीने मुखवटा चढवला, अंगठा दाखवला आणि पाण्यात गेली. हिरवट पाण्यात तिचा पिवळा पोशाख थोडा वेळ दिसला, मग दिसेना. वर नुसते बुडबुडे. दोर काकांच्या हातातून सरकत राहिला, सरकतच राहिला. मावशीला टपालपेटी आठवली. तिला भीती वाटली, फार वाटली. तिने बुडबुडे मोजायला सुरुवात केली. दोर थांबला. आणि एक हिसका आला.

"पोचली," काका म्हणाले.

अर्ध्या तासाने पोर वर आली. मावशीने आधी तिला बघितलं, हात, पाय, तोंड, सगळं. मग कॅमेरा पुसून झाकण उघडलं. आत कोरडं. मग पडद्यावर फोटो लावले. शेवटचा आधी दिसला आणि मावशी बोटीत उभीच राहिली, काकांनी धरलं म्हणून बरं.

"अगं बाई! काका, बघा, बघा हे रबर!"

दिव्याच्या उजेडात काळंभोर, ओलं, दंडाएवढं रबर दरवाजाच्या कडेने अंधारात गेलं होतं, आणि त्यावर पोरीचा मोज्यातला हात. एक, दोन, तीन, चार फोटो. मावशीने भिंग काढलं. "हे इथे जरा चिरलंय. दिसतंय ना तुला?"

"दिसलंय. लिहून घेतलंय," पोर हसत म्हणाली.

मावशीने आणखी मागचा फोटो लावला. तिला वाटलं फलाटावरचा नळ येईल. आलं भलतंच. हिरवा काळोख आणि मधोमध पोरीच्या मनगटावरचं खोली दाखवणारं यंत्र. आकडा स्वच्छ वाचता येत होता. बावीस पूर्णांक सहा.

"हा कशाला काढलास?"

"खाली पोचल्या पोचल्या पहिला तोच काढला," पोर म्हणाली. "आता मी तुला आकडा सांगणार नाही आई. तूच बघायचास."

मावशीने पडदा पदराने पुसला, मग त्याच पदराने डोळे पुसले. "मला भीती वाटली गं," ती म्हणाली. "इतकी वाटली की बुडबुडे मोजत बसले."

"माहितेय. म्हणूनच तर सांगत नव्हते."

"सांगत जा."

दुपारी दुसऱ्या दरवाजाला उतरायचं होतं. पोर पोशाख चढवून बोटीच्या काठावर बसली आणि तिने विचारलं, "कॅमेरा नेऊ की तुझ्यापाशी राहू दे?" मावशीने पुन्हा भिंग लावलं, फडकं फिरवलं, झाकण लावून दोन्ही कड्या बसवल्या आणि कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या हाताने तिच्या मनगटात अडकवला.

"ने. रबराचे पुष्कळ काढ. पण आधी आकडा."

पोर पाण्यात गेली. काकांनी दोर सोडायला घेतला, आणि मावशीनेही त्यांच्या मागे बसून दोराला हात लावला.